एआयला विचारण्याआधी पाऊस मोजा

26 नोव्हेंबर 2023 चा रविवार आमच्या निफाड तालुक्यात कोणी विसरलेलं नाही. गारा पडल्या तेव्हा आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत नुकते मणी धरत होते. दुसऱ्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांच्या वहीत एवढंच लिहिलं: ‘गार. बोराएवढी. वरच्या प्लॉटचे घड गेले.’ ते 1998 पासून अशा नोंदी ठेवतात. छाटणी कधी केली, पाऊस कधी झाला, डाऊनी म्हणजे केवडा रोग कुठल्या ओळीत आधी दिसला, सगळं त्यात आहे. एआयचा आमच्या बागेला जो उपयोग झाला, तो या वहीमुळे झाला. म्हणून पहिलं काम सांगते ते मोबाइलवरचं नाही.

काठ आणि तळ सारख्याच रुंदीचा, सरळ उभा डबा घ्या. झाडाचा किंवा भिंतीचा आडोसा येणार नाही अशा मोकळ्या जागी तो पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून किती मिलिमीटर पाणी आहे ते लिहा आणि डबा रिकामा करा. महसूल मंडळाचं हवामान केंद्र आपल्या शिवारापासून लांब असतं. तिकडे कोरडं आणि आपल्याकडे ओघळ वाहिले, असं कितीदा तरी होतं. एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. हा हिशेब कळला की ड्रिप चालू करण्याआधी हात आपोआप थांबतो.

मग वहीच्या पानांचे फोटो काढून एआयला त्यांचा तक्ता करायला सांगा. आबांचं अक्षर मोडीच्या वळणाचं आहे, त्यामुळे 7 चा 1 झाला, 3 चा 8 झाला. मी आणि धाकट्या जाऊबाईंनी चार रात्री बसून ओळ न् ओळ ताडून पाहिली. हे टाळू नका. चुकीच्या तक्त्यावरून निघालेलं उत्तरही तितकंच सुबक दिसतं.

प्रश्न विचारताना मी सुरुवातीलाच लिहिते: ‘हे आकडे माझ्या प्लॉटचे आहेत. फक्त यावरून सांग. अंदाज असेल तिथे अंदाज म्हण. माहिती पुरत नसेल तर तसं सांग आणि आणखी काय लागेल ते मला विचार.’ शेवटच्या वाक्यामुळे फार फरक पडतो. मग तो ड्रिपरमधून ताशी किती पाणी पडतं ते विचारतो, वेलीतलं अंतर विचारतो, जमीन काळी की मुरमाड हेही विचारतो.

तरी हिशेब हातानं तपासायचाच. आमची लागवड 9 बाय 5 फुटांवर, म्हणजे एकरी 968 वेली. वेलीला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला साधारण 7,700 लिटर पाणी. एकदा उत्तरात याच्या जवळजवळ अडीचपट आकडा आला. त्यानं एकराऐवजी हेक्टर धरला होता. कागदावर गुणाकार केला नसता तर त्या दिवशी विहीर उपसली असती.

औषधाचा डोस मात्र एआयला विचारायचा नाही, या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. लक्षणं समजून घ्या, भुरी आणि डाऊनीतला फरक विचारा, पण औषध कोणतं, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतून आणि लेबल क्लेम, म्हणजे लेबलवर द्राक्षासाठी मंजुरी आहे का, ते पाहूनच ठरवा. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली, तेव्हा अख्ख्या हंगामाचं काय झालं ते नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांना ठाऊक आहे.

‘उद्या पाऊस येईल का’ हेही गप्पा मारणाऱ्या एआयला विचारू नका. हवामानाचा एआय वेगळा. तो जवळपास चाळीस वर्षांच्या जागतिक नोंदींवर शिकलेला असतो आणि दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात काढतो. 2025 च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयानं अशाच अंदाजांवरून 13 राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे संदेश पाठवले. मान्सूनची वाटचाल मध्येच थांबली, तेही त्या अंदाजात आधी दिसलं होतं. मला या कामातून खरी उमेद वाटते, कारण पेरणी चुकली की घरात काय होतं ते मी माहेरी पाहिलं आहे. पण असे बरेच अंदाज सुमारे 25 किलोमीटरच्या चौकोनाचे असतात आणि गारेचा पट्टा दोन गावांपुरताही असू शकतो. गारपिटीसाठी हवामान खात्याचा तातडीचा इशारा पाहा, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप, आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर.

वहीच्या तक्त्यात ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला पाऊस अलीकडे जास्त वेळा दिसला. एका शिवाराच्या वहीवरून हवामान बदलाचा निष्कर्ष निघत नाही, पण आमच्या छाटणीचा निर्णय निघाला. आता दोन्ही प्लॉटची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, एकदम करत नाही, मध्ये अंतर ठेवतो. फुलोरा एकाच पावसात सापडू नये, एवढाच हेतू.

सोसण्याच्या तयारीबरोबर आपला धूरही कमी करायला हवा. देठ परीक्षणाचा, म्हणजे पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांच्या तपासणीचा, अहवाल एआयकडून सोप्या मराठीत समजून घ्या आणि कृषी सहायकांशी बोलून नको तेवढा युरिया कमी करा. जादा नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. छाटणीच्या काड्या पेटवू नका, कुट्टी करून ओळीत टाका. कुट्टी यंत्र भाड्यानं आणायचं तर चार शेजाऱ्यांच्या तारखा जुळवाव्या लागतात. ते वेळापत्रक आम्ही एआयकडून करून घेतलं आणि त्या हंगामात आमच्या वस्तीवर एकही ढीग पेटला नाही.

एआयलाही वीज लागतेच. 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे 1.5 टक्के वीज वापरली आणि 2030 पर्यंत हा वापर दुपटीच्या पुढे जाईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. एका लेखी प्रश्नाला लागणारी वीज अगदी थोडी असते, पण करमणुकीसाठी चित्रं आणि व्हिडिओ बनवत बसणं मी सोडलं. आठवड्याचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर जमवते आणि रविवारी एकदाच विचारते.

वहीचे फोटो पाठवताना सातबारा, आधार आणि बँकेचे आकडे झाका. आणि जे उत्तर उपयोगी पडलं ते शेजारच्या बांधावर जाऊन सांगा, विशेषतः ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथे. आमच्या बचत गटातल्या सात जणींकडे आता पाऊस मोजायचे डबे आहेत. सकाळी साडेआठनंतर आकडे येऊ लागतात, आणि आबा चष्मा लावून ते वहीत उतरवून घेतात.