निखाऱ्यावरचा बांगडा: उन्हाळ्यात, कमी तेलात, कमी धुरात

कोकणात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे उन्हाळ्यात ताजा बांगडा अंगणात भाजून खायचा असेल तर त्यासाठी एप्रिल आणि मे हेच महिने हाताशी असतात. तळण्यापेक्षा भाजण्यात तेल फारच कमी लागते आणि उकाड्यात स्वयंपाकघरही तापत नाही. मात्र भाजलेले सगळेच प्रकृतीला चांगले असते असे नाही. मासा किंवा मांस प्रखर आचेवर काळे पडेपर्यंत भाजले, किंवा त्यातील चरबी विस्तवात ठिबकून तिचा धूर पुन्हा त्याच मांसाला लागला, तर आरोग्याला घातक अशी रसायने तयार होतात. म्हणून या पद्धतीत मसाल्याइतकेच, किंबहुना मसाल्याहून अधिक, लक्ष विस्तवाकडे द्यावे लागते.

विस्तव

दुपारी समुद्रावरून येणारा वारा जोरात असतो आणि आजूबाजूला वाळक्या झावळ्या, गवत, काजूचा पाचोळा पडलेला असतो. ठिणगी उडून बाग पेटायला एवढे पुरते. त्यामुळे वारा पडल्यावर, म्हणजे दिवेलागणीच्या सुमारास, झाडून घेतलेल्या मोकळ्या जागेत शेगडी मांडावी आणि पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवावी.

जळणासाठी लाकडी कोळसा आणि नारळाच्या करवंट्या यांचा मेळ उत्तम जमतो. करवंट्या चांगल्या वाळलेल्या असाव्यात आणि त्यांवरचा काथ्या काढून टाकावा. त्या लवकर पेट घेतात, पण सुरुवातीला तेलकट ज्वाळा आणि काळा धूर सोडतात, त्यामुळे त्यांचा उपयोग कोळसा पेटवण्यापुरता करावा आणि प्रत्यक्ष भाजणे धूर पूर्ण संपल्यावरच सुरू करावे. रॉकेल ओतून पेटवू नये, कारण त्याचा वास माशाला लागतो. प्लॅस्टिक किंवा रंग दिलेले लाकूड तर शेगडीच्या आसपासही आणू नये.

ज्वाळा बसून निखाऱ्यांवर राखेचा पांढुरका पापुद्रा धरायला साधारण अर्धा तास लागतो आणि घाई होते ती नेमकी याच वेळी. जाळीच्या वर सुमारे १० सेंटीमीटरवर तळहात धरून पाहावा: चार-पाच सेकंद धरवला तर आच मध्यम आहे, दोन सेकंदांतच मागे घ्यावा लागला तर थोडे थांबावे. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ओढून ठेवावेत, म्हणजे दुसरी बाजू मंद राहते आणि मासा गरजेनुसार तिकडे सरकवता येतो.

मासा आणि वाटण

बांगड्याचे डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल आणि अंग घट्ट असावे. या माशाबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बांगडा, कुपा यांसारखे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होते आणि ते शिजवल्याने किंवा भाजल्याने नष्ट होत नाही; खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके दुखते. म्हणून बाजारात जाताना बर्फ घालता येईल असा डबा न्यावा आणि घरी आल्याबरोबर मासा साफ करून फ्रीजमध्ये ठेवावा.

चार मध्यम बांगड्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा द्याव्यात. सात-आठ लसूण पाकळ्या, इंचभर आले, अर्धा चमचा हळद व दीड चमचा मिरचीपूड अगदी बारीक वाटून त्यात दोन मोठे चमचे कोकमाचे आगळ मिसळावे. आगळात मीठ असतेच, त्यामुळे चव पाहिल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष पाळावे. वाटण जाडेभरडे राहिले तर लसणाचे कण आधी करपतात आणि थर जाड झाला तर तोही जळतो, म्हणून ते पातळसर चोळून चिरांमध्ये भरावे. अर्धा तास फ्रीजमध्ये मुरू देणे पुरेसे आहे. रात्रभर मुरवल्याने आंबटपणामुळे बांगडा भुसभुशीत होतो.

जाळीवर

रिकामी जाळी आधी कडक तापवावी आणि घावनासाठी बिडाच्या तव्याला लावतात तसे नारळाच्या शेंडीने तिला चमचाभर तेल पुसून घ्यावे. मासा ठेवल्यावर चार-पाच मिनिटे त्याला हात लावू नये. सारखे उलटण्याच्या सवयीने साल जाळीला चिकटते आणि मासा मोडतो. कातडी भाजली गेली की मासा आपोआप सुटतो. मग उलटून दुसरी बाजू तितकाच वेळ भाजावी. बांगडा स्वतःच तेलकट असल्याने तेल ठिबकून मध्येच ज्वाळा उठते. अशा वेळी पाणी शिंपडू नये, राख उडून माशावर बसते. मासा मंद बाजूला सरकवावा. काट्यालगतचे मांस पांढरे, अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले की तो झाला. तापमापक असल्यास आतील तापमान ६३ अंश सेल्सिअस भरावे. करपलेला भाग काढून टाकावा.

पेडव्यांसारखे लहान मासे केळीच्या पानात गुंडाळून भाजावेत. हळदीचे पान अधिक सुवासिक खरे, पण ते पावसाळ्यात मिळते.

चिकन भाजायचे असल्यास ते ७४ अंशांपर्यंत शिजले पाहिजे आणि कच्च्या चिकनची ताटली पुन्हा वापरू नये. न खाणाऱ्यांसाठी वांग्याचे काप, भेंडी, कांदा आणि कोकम घालून अर्धवट उकडलेले सुरण हे सारे स्वतंत्र जाळीवर छान होते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी शेगडी बंद खोलीत मुळीच आणू नये, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जिवावर बेततो. त्यांनी हाच बांगडा गॅसवर, बिडाच्या तव्यावर, चमचाभर तेलात भाजावा.

मासे उतरवल्यावर उरलेल्या विस्तवात दोन-तीन कैऱ्या पुरून ठेवल्या तर जेवण होईपर्यंत पन्ह्यासाठी भाजून तयार होतात. त्या काढल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतावे आणि राख पूर्ण गार झाल्याची खात्री करूनच शेगडी जागेवरून हलवावी.