यूकेच्या ऑस्कीला जायचंय? मग आत्तापासून हे बघा

ऑस्की म्हणजे यूकेत नर्स म्हणून रजिस्टर व्हायला द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा. आधी कागदपत्रं. पासपोर्ट, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगची सर्टिफिकेटं आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळीकडे नाव एकच आहे ना ते बघा, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या मुलींचं इथेच अडतं. रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं राहिलं असेल तर तेही करून टाका. इंग्रजीला आयईएलटीएस 7 लागतात, रायटिंगला 6.5 चालतात, ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) देणार असाल तर बी, रायटिंगला सी प्लस. सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, भारतातच देता येते, पार्ट ए ला गणिताचे 15 प्रश्न अर्ध्या तासात आणि पार्ट बी ला 100 प्रश्न, वेळ अडीच तास. डोस आणि ड्रिप रेटची गणितं रोज थोडी तरी करा, मिलीग्रॅमचं मायक्रोग्रॅम करताना घाईत शून्य राहून जातं.

पण खरी तयारी ऑस्कीची. ती यूकेत जाऊनच द्यावी लागते, 10 स्टेशन असतात, चार एकाच पेशंटची म्हणजे असेसमेंटपासून इव्हॅल्युएशनपर्यंत, चार स्किलची आणि दोन नुसती लिहायची. आपल्या सिस्टरांचा हात कुठेच कमी पडत नाही हो, रात्रीच्या ड्युटीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलेला असतो, पण आपल्याला मुकाट्याने काम उरकायची सवय आणि तिथे एक्झामिनरला जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढ्याचेच मार्क. म्हणून आत्ताच्या ड्युटीवरच सुरू करा, हात स्वच्छ केले, स्वतःचं नाव सांगितलं, पेशंटचं नाव आणि जन्मतारीख विचारून बँडशी जुळवली, काय करणार ते सांगून परवानगी घेतली, मगच हात लावला, आणि हे सगळं मोठ्याने बोलत. ॲलर्जी विचारल्याशिवाय तर एक गोळीसुद्धा देऊ नका. न्यूज टू चार्ट (नाडी, बीपी, श्वास वगैरेंना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते दाखवणारा तक्ता) भरायचा आणि एसबीएआरने (परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणी, शिफारस या क्रमाने) हँडओव्हर द्यायचा सराव मैत्रिणीला समोर बसवून करा, एकटीने वाचून ते तोंडात बसत नाही. सीपीआरला छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, दाबाची खोली 5 ते 6 सेंटीमीटर. लिहिताना चुकलं तर एकच रेघ मारून सही करायची, गिरवायचं नाही. बांगड्या, मनगटावरचं घड्याळ, नेलपॉलिश सगळं काढून जायचं.

आणि ऑफर लेटर नीट वाचा, ऑस्कीची फी 794 पाऊंड आहे, बऱ्याचदा ट्रस्ट (नोकरी देणारी तिथली सरकारी हॉस्पिटलची संस्था) भरतो, पण रीसीटचे, म्हणजे नापास झाल्यावर परत परीक्षा द्यायचे, पैसे कोण भरणार आणि मध्येच नोकरी सोडली तर काय परत द्यावं लागेल हे सही करण्याआधी विचारून घ्या, तेही ईमेलवर.