बॅटरी घेताना आणि बांधताना या चुका टाळा

मृग जवळ आला की आमच्या पडवीत नादुरुस्त बॅटऱ्या, म्हणजे उजेडाचे टॉर्च, जमू लागतात. आंब्याच्या राखणीला वापरलेल्या, गेल्या पावसात भिजून तशाच कोनाड्यात टाकलेल्या, आणि हल्ली जास्त करून ऑनलाइन मागवलेल्या काळ्या ‘टॅक्टिकल’ बॅटऱ्या. माणसं बदलतात, चुका त्याच.

पहिली चूक डब्यावरचा आकडा बघून पैसे टाकण्याची. सातशे रुपयांच्या बॅटरीवर ‘एक लाख लुमेन’ छापलेलं असतं. गाडीचा साधा एच-४ हॅलोजन बल्ब हायबीमवर दीड-पावणेदोन हजार लुमेन देतो, आता बोला. शिवाय लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाणार हे कॅन्डेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तितके मीटर झोत जातो. १०,००० कॅन्डेला असेल तर २०० मीटर. तेही टोकाला उजेड उरतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच. बागेच्या गडग्यापर्यंत बघायचं तर एवढं भरपूर झालं. घरापासून गोठ्यापर्यंत जायला लांबचा झोत कशाला हवा? तिथं पसरट उजेडच बरा.

पण सगळ्यात मोठी चूक घेण्यात नाही, बांधण्यात आहे. कपाळावर.

दोन्ही हात मोकळे राहतात, मान्य. सेल बदलताना, खेकड्याची नांगी धरताना, झाडावर चढताना डोक्यावरची बॅटरी सोन्यासारखी. पण पावसात चालताना ती आंधळं करते. दिवा डोळ्याला चिकटून असला की समोरच्या प्रत्येक थेंबावर आपटलेला उजेड सरळ डोळ्यात परत येतो. गाडीचे फॉगलॅम्प खाली बंपरपाशी असतात ते काय शोभेला?

आमच्या शेजाऱ्यांचा भाचा मुंबईहून आला होता, पहिल्या पावसात कुर्ल्या, म्हणजे खेकडे धरायला. डोक्याला तीन डोळ्यांची बॅटरी, पट्टा नवाकोरा, मागे सेलचा डबा. पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत ठीक गेला. मग पाऊस वाजायला लागला आणि हा बांधावर जागच्या जागी उभा. “काका, पुढं सगळं पांढरंच दिसतंय!” म्हटलं, एक काम कर, आधी मोड कमी कर. तर ह्यानं उलट वाढवला. घाई एवढी, की सांगितलेलं कानात शिरायच्या आत बोट बटणावर. पांढरी भिंत आणखी जाड झाली, पाय बांधावरून सुटला आणि साहेब गुडघ्यापर्यंत चिखलात. एक चप्पल गेली ती गेलीच. मी त्याची बॅटरी डोक्यावरून काढायला लावली, पट्टा दुहेरी करून कमरेला अडकवला, तोंड खाली पावलांकडे. थेंब तेवढेच पडत होते, पण बांधाची कड, गवत, पाण्याची सळसळ दिसायला लागली. बादली निम्मी भरून परतलो.

कमरेचा दुसरा फायदा कातळावर कळतो. कपाळावरच्या उजेडात सावल्या डोळ्याला दिसतच नाहीत, कारण दिवा आणि नजर एकाच रेषेत. सगळं सपाट. फुरसं जांभ्याच्या रंगात असं मिसळतं की सपाट उजेडात पालापाचोळाच वाटावा. दिवा खाली धरला की उजेड तिरपा पडतो, दगडाची, काटकीची आणि वेटोळ्याचीही सावली उमटते. म्हणून मी चालताना बॅटरी हातात, मांडीच्या उंचीला धरतो. डोक्यावरची फक्त कामाला. लोक हसतात, हसू देत.

दरवर्षी एखादा तरी बॅटरी बंदुकीवर बसवून द्या म्हणून येतो. मी देत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. वन विभागाच्या परवानगीविना डुक्कर काय नि भेकर काय, मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, नळीवर दिवा बांधला की जिकडे बघाल तिकडे नळी वळणार. झाडीत खसफसलं ते डुक्कर की पलीकडच्या बागेचा राखण्या, हे बघायलाही नळी त्याच्यावरच रोखायची? बघायची बॅटरी वेगळीच हवी.

मात्र बंदुकीसाठी बनवलेल्या चांगल्या बॅटरीत एक गोष्ट घेण्यासारखी असते: तिच्यात बहुतेक वेळा सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग असते, धक्क्यानं सेल सुटू नये म्हणून. मोटरसायकलच्या हँडलला किंवा होडीवर लावायची तर अशीच घ्या. खड्ड्यात मिचमिचणाऱ्या बॅटऱ्यांचा दोष निम्म्या वेळा एकाच ढिल्या स्प्रिंगचा असतो. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. नुसत्या प्लास्टिक टायवर भिस्त ठेवू नका, उन्हानं तो कडक होऊन तुटतो.

सेल. १८६५० या मापाच्या लिथियम सेलवर ‘९९०० एमएएच’ एवढी साठवण लिहिली असेल तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. त्या मापात खरा सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतो. मी सेल काट्यावर ठेवतो. खरा पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा बऱ्याचदा तिशीतच. आणि सेल बदलता न येणारी बॅटरी घेऊच नका. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस लाइट नव्हती ते आठवा. नुसत्या चार्जिंगच्या बॅटऱ्या तेव्हा शोकेसला ठेवायच्या लायकीच्या उरल्या.

खारं वारं. पाणी आत न शिरण्याचा आयपीएक्स-७ हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती परीक्षा गोड्या पाण्यातली. समुद्रावरून आल्यावर झाकण घट्ट लावून नळाखाली धुवा, पुसा, मग उघडा. आट्यांवर पांढरी भुकटी दिसली की जुन्या टूथब्रशनं घासा आणि रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात. चार्जिंगच्या भोकात ओल असताना वायर खुपसणाऱ्याला मी काहीच सांगत नाही, हिरवा झालेला पोर्टच सांगतो.

अल्कलाइन पेन्सिल सेल गळले असतील तर लिंबाच्या रसाचे दोन थेंब कापसावर घेऊन पुसा, मग ओल्या फडक्यानं, आणि दिवसभर वाळू द्या. पावसाळा संपला की सेल काढूनच ठेवायचे.

वेळासला, आंजर्ल्याला कासवं बघायला जाल तेव्हा यातली एकही बॅटरी किनाऱ्यावर पेटवू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात. तिथले कार्यकर्ते सांगतील तेवढाच दिवा, तोही लाल.