मटकीला मोड येईपर्यंत

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायला लागले, तेव्हा आहाराचा पाठ मी तक्ता लावून घेतला होता. डावीकडे चांगलं खाणं, उजवीकडे वाईट. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी पाच रुपयांचा बिस्किटपुडा दप्तराआड लपवून खात होती. तिची आई पहाटेच उसाच्या फडावर जायची. सात वर्षांचं मूल घरचा किराणा भरत नाही, हे मला तेव्हा उमगलं. तक्ता उतरवला. नव्याने रुजू होणाऱ्यांना म्हणूनच आधी हे सांगते, कुणाच्या डब्याला वर्गात नावं ठेवू नका. वजन-उंचीची नोंदसुद्धा एकेकाला जवळ बोलावून घ्या, आकडा मोठ्याने वाचू नका.

मग शिकवायचं कसं? हाताला काम देऊन. सोमवारी सकाळी आम्ही मटकी भिजत घालतो, सुट्टीच्या आधी निथळून ओल्या फडक्यात बांधून खुंटीला टांगतो. मंगळवारी मुलं दप्तर न ठेवताच गाठोड्याकडे धावतात. पट्टीने मोड मोजायचा, वहीत चित्र काढायचं. बुधवारी मटकी धुऊन वाफवायची (लहान मुलांना कच्ची देऊ नका), कांदा-टोमॅटो घालायचा आणि खाली उतरवल्यावर लिंबू पिळायचं. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. मुलांना मी म्हणते, लिंबू मटकीचा हात धरून तिला रक्तात नेतं. घरी उसळीला नाक मुरडणारी पोरं वाटी पुसून खातात, कारण ती मटकी त्यांची असते.

शाळेतल्या पोषण आहाराचाही पाठ होतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. एकदा तराजू आणून मुलांकडूनच तोलून घ्या. आणि पंगतीत त्यांच्याबरोबर बसून जेवा. आपण काय खातो, याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

खेळाबद्दल मी जरा हट्टी आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं चांगली हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण बाद झालेल्याला बाहेर बसवणाऱ्या खेळात, ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज तोच सर्वांत जास्त वेळ बसून राहतो. म्हणून मी विष-अमृत घेते. विष मिळालेलं मूल जागच्या जागी थांबतं, सवंगड्याने अमृत दिलं की पुन्हा पळतं. लंगडीत बाद झालेल्याला गडी मोजायला लावते आणि डाव लहान ठेवते. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा मात्र कधीच देऊ नका, पळणं म्हणजे शिक्षा असं एकदा मनात बसलं की ते निघत नाही.

मटकी सोमवारीच भिजवा. थंडीत मोड यायला एखादा दिवस जास्त लागतो, आणि शनिवार-रविवार मध्ये आला तर फडक्याला वास येतो.