बाळ बारीकच आहे म्हणून सोडून देऊ नका: कुपोषण ओळखताना आणि भरवताना या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यात कुपोषण म्हणजे शहापूर-मुरबाडचे पाडे, असं धरून चालू नका. दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्येही वाढ खुंटलेली मुलं असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी होती. यातली कितीतरी घरात कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

नजरेने ठरवणं

‘आमच्या घरात सगळ्यांची अंगकाठीच अशी’ किंवा ‘खेळतंय ना, मग झालं’ म्हणून तपासणी टाळली जाते. पण बरेच महिने पोषण कमी पडलेलं मूल बेतशीर दिसतं. अडीच वर्षांचं मूल दीड वर्षाचं वाटतं एवढंच, आणि ते फक्त उंची मोजली की कळतं. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वात झपाट्याने वाढतो आणि तेव्हा गेलेली उंची पुढे भरून काढणं फार अवघड जातं. म्हणून वजन दर महिन्याला घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ठिपका भरून घ्या. मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे असतात. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

मोजण्यातल्या चुका

दंडघेराची पट्टी ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी आहे. डाव्या हाताचा कोपर दुमडून खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य शोधायचा, मग हात सैल खाली सोडून उघड्या कातडीवर पट्टी लावायची. बाहीवरून लावली तर आकडा जास्त येतो, आवळली तर कमी. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण (सॅम). ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम (मॅम). मात्र पट्टी हिरवी (१२.५ किंवा जास्त) आली म्हणून निर्धास्त होऊ नका. दंडघेर आणि उंचीनुसार वजन या दोन तपासण्यांत सापडणारी मुलं नेहमी तीच नसतात.

उंचीत तर फार गफलत होते. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवूनच मोजायचं, गुडघे सरळ धरून. बाळ पाय आखडतं आणि लांबी दोन सेंमी कमी लिहिली जाते. मग त्या ‘कमी’ उंचीला त्याचं वजन पुरेसं दिसतं आणि सॅमचं बाळ मॅममध्ये, मॅमचं साधारणमध्ये जाऊन बसतं. वजन घेताना काटा शून्यावर आहे का बघा, कपडे आणि लंगोट काढा.

दोन्ही पायांवर सूज आहे का, हेही बघितलंच पाहिजे. पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर वजन कितीही दिसो, ते बाळ तीव्र कुपोषित आहे. सुजेच्या पाण्यानेच काटा पुढे सरकलेला असतो.

पातळ खाणं

सहा महिन्यांनंतर वरणाचं पाणी, भाताची पेज, बिस्किट बुडवलेला चहा यांवर बाळ ठेवणं ही सर्वात महागात पडणारी चूक. बाळाच्या पोटात एका वेळी थोडंच मावतं, ते पाण्याने भरलं की ताकद देणाऱ्या अन्नाला जागा उरत नाही. चहामुळे अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. घास चमच्यावर टिकेल, ओघळणार नाही, इतका घट्ट हवा. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ घेऊन मऊ खिचडी करा आणि बाळाच्या वाटीत वरून चमचाभर तेल किंवा तूप घाला. त्या ५ मिली तेलातून सुमारे ४५ कॅलरी मिळतात. ६ ते ८ महिन्यांत अर्धी वाटी दिवसातून २-३ वेळा, ९ महिन्यांपासून ३-४ वेळा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. अंगावरचं दूध सोबत चालूच ठेवा. अंडं किंवा धुऊन, भाजून, पूड केलेला सुका जवळा घातला तर फारच उत्तम. आगरी-कोळी घरांत तो असतोच, मग बाळाला का वगळायचं?

नाचणीचं सत्त्व गाळून करतात तेव्हा कोंड्याबरोबर पोषणही जातं. त्यापेक्षा नाचणी १२ तास भिजवा, मोड आणा, कडकडीत वाळवा, हलकी भाजा आणि दळा. मोडांमुळे पीठ शिजताना फार घट्ट होत नाही, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं. फार भाजलं तर हा गुण जातो.

जुलाबात उपाशी ठेवणं

खाणं थांबवू नका. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायचं. थोडं थोडं पेल्यात टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक २० मिलीग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. सॅमच्या बाळाला मात्र जुलाब लागले तर घरी प्रयोग नकोत, थेट दवाखाना.

सॅमच्या बाळाला एकदम भरपूर खाऊ घालणं

मायेपोटी होतं, पण घातक ठरतं. उपासमारीने मंदावलेल्या शरीरावर एकदम भार पडला की क्षार ढासळतात आणि हृदय थकतं. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात (तीव्र कुपोषित बाळांना दाखल करून घेणारा सरकारी रुग्णालयातला विभाग) आधी दर दोन तासांनी थोडं, कमी प्रथिनांचं दूध (एफ-७५) देतात आणि भूक परतल्यावरच जास्त ताकदीचं एफ-१०० सुरू होतं. लोहाचं औषधही सुरुवातीला देत नाहीत. भूक मेलेली, अंग गार, सुस्ती, सूज यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या.

भट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबांनी गावच्या अंगणवाडीत नाव आहे म्हणून इथे गप्प बसू नये. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीतल्या मुलांची नोंद ठेवणारं सरकारी ॲप) नाव इथल्या अंगणवाडीकडे हलवता येतं. केंद्रातून घरी आल्यावरही दर आठवड्याला वजन आणि दंडघेर बघत राहा. दंडघेर कमी म्हणून दाखल झालेल्या बाळाचा घेर १२.५ सेंमीवर जाऊन दोन आठवडे टिकला आणि सूज परतली नाही, तरच ते बरं झालं असं धरा.