टायमर शून्यावर आला, तरी कुणी धावलं नाही? एफर्ट-टायमर लावताना या चुका टाळा

'इंडेक्स कार्ड आरपीजी' या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात (आरपीजी) एफर्ट-टायमरची पद्धत सुटसुटीत मांडली आहे: काम किती झालं ते एफर्ट मोजतो, वेळ किती उरला ते टायमर. डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर (डी४ चार बाजूंचा, डी६ सहा), यश आलं की एफर्टचा फासा टाकायचा: साध्या कामाला डी४, हत्याराला किंवा अवजाराला डी६, बंदुकीला डी८, जादूला डी१०. काम किती मोठं ते हार्टमध्ये मोजतात; १० एफर्ट साठले की एक हार्ट पूर्ण होतं. शेजारी टायमर असतो. डी४ टाकायचा आणि जितके पडतील तितक्या फेऱ्यांत काम उरकायचं. नियम एवढाच आहे. तरीही डाव रटाळ होतो किंवा खेळाडू चिडतात, कारण टायमर आणि एफर्ट हे दोन आकडे गेम मास्टरनं (डाव चालवणाऱ्यानं) एकमेकांशी ताडून पाहिलेले नसतात.

गणित न करता हार्ट ठरवणं

सर्वांत जास्त डाव इथेच बिघडतात. समजा, तळघरात पाणी भरतंय आणि गंजलेलं चाक फिरवून झडप बंद करायची आहे. टार्गेट (यशासाठी गाठायचा आकडा) १२, खेळाडूचा बोनस +२. म्हणजे डी२० वर १० किंवा त्याहून जास्त हवेत, शक्यता ५५ टक्के. हातात पहार आहे, म्हणून डी६, सरासरी ३.५. यश-अपयश धरून एका पाळीत साधारण १.९ एफर्ट जमतात. दोघं जण चाकाला भिडले तर फेरीला ३.८, म्हणजे एका हार्टला साधारण तीन फेऱ्या लागतात. पण डी४ वर १ किंवा २ पडण्याची शक्यता निम्मी असते! खेळाडूंनी काहीही चुकवलं नाही, तरी निम्म्या वेळा टायमर आधीच तोकडा पडतो. अशा जागी डी४+१ लावा.

उलट चौघंही चाकाकडे वळले तर फेरीला ७.७ एफर्ट होतात आणि बहुतेक वेळा काम दुसऱ्या फेरीतच संपतं. त्यावर हार्ट वाढवणं हा उपाय नव्हे, त्यानं फक्त फासे टाकणं वाढतं. एकाऐवजी दोन चाकं ठेवा, प्रत्येकी १० एफर्टची, समोरासमोरच्या भिंतींवर, आणि मधल्या पाण्यात काहीतरी चावणारं सोडा. कोण कुठे जाणार, हे ठरवताना खेळाडूंची जी घालमेल होते, तिच्यासाठीच तर टायमर लावायचा.

शून्यावर काय होणार, हे आधी न लिहिणं

टायमर टाकण्यापूर्वी परिणाम एका ओळीत कार्डावर लिहा: 'पाणी छातीपर्यंत, मशाली विझतात, जड चिलखतवाल्यांना सगळे फासे कठीण'. 'सगळे मेले' असा परिणाम लिहू नका, कारण वेळ आली की तुमचाच हात आखडतो. मग टायमर गुपचूप वाढतो, आणि टेबलावर एकदा हे कळलं की पुढच्या कुठल्याही टायमरला कुणी भीक घालत नाही. वेळ वाढवायचीच असेल तर ती खेळाडूंना कमावू द्या. कुणी पूर्ण पाळी खर्चून दाराच्या फटीत गोण्या कोंबल्या आणि फासा जिंकला, तर टायमर एकानं वाढवा. सीनमध्ये असं एकदाच.

टायमर कधी उतरवायचा, यात घोळ

'टायमर ३' म्हणजे प्रत्येकाला पूर्ण तीन पाळ्या. शेवटच्या खेळाडूची पाळी झाली की फाशावरचा आकडा एकानं उतरवून तो मोठ्यानं सांगा, एरवी हात लावू नका. फेरीच्या सुरुवातीलाच उतरवलात तर एक अख्खी फेरी बुडते, आणि हिशेब का चुकतोय ते कळतही नाही. आणखी एक बारीक गोष्ट: आकडा डी४ वर ठरवा, पण दाखवायला मोठा डी६ वापरा. डी४ वरचा आकडा लांबून वाचता येत नाही. टायमरचा फासा गेम मास्टरच्या पडद्यामागे तर मुळीच ठेवू नका. न दिसणाऱ्या टायमरचा दबाव फक्त गेम मास्टरलाच जाणवतो.

जिथे तिथे एफर्ट

मागे कुणी लागलेलं नाही आणि वेळेची चणचणही नाही, अशा कुलपाला एफर्ट लावू नका. ते उघडलं असं सांगा आणि पुढे जा.

दोन टायमर एकदम चालवायचे तर फासे वेगळ्या रंगाचे घ्या आणि शेजारी कार्डावर नाव लिहा, 'पाणी', 'पहारेकरी'. तिसरा लावू नका. खेळाडू सीन सोडून फासेच बघत बसतात. पहिला टायमर १ वर पडला आणि सगळे गोठून गेले, तर काम करता येण्यासारख्या जागा बोट दाखवून सांगा: हे चाक, ती जाळी, वरचा साखळदंड. नव्या खेळाडूंना बहुतेक वेळा कशावर एफर्ट टाकता येतो हेच उमगलेलं नसतं.