रूटचा मेल कुठे अडला, ते कसं शोधायचं

छोट्या पतसंस्थांचे आणि दवाखान्यांचे डेबियन लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. नवीन मशीन ताब्यात आलं की मी सगळ्यात आधी मशीनवरच्या युजरांचे मेल साठतात ती /व्हार/मेल ही डिरेक्टरी बघतो. एके ठिकाणी तिथे 'रूट' (मशीनचा सर्वाधिकारी युजर) या नावाची भलीमोठी फाइल सापडली. आत एकाच मजकुराचे मेल, तारीख तेवढी बदललेली: 'डिग्रेडेडअ‍ॅरे'. म्हणजे डिस्कचा संच (अ‍ॅरे) अधुरा झालाय. एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणाऱ्या रेड मांडणीतली एक डिस्क कधीच गेली होती. त्या मांडणीवर नजर ठेवणारा एमडीएडीएम हा प्रोग्राम रोज तसं कळवत होता आणि ती फाइल कोणी उघडतच नव्हतं. पतसंस्थेचा सगळा हिशोब एका डिस्कवर चालला होता. म्हणून सांगतो, स्थानिक मेल ही जुनी, बिनकामाची गोष्ट समजू नका. बिघाडाची पहिली वर्दी तिथेच येते.

आधी मेल पोचवणारा प्रोग्राम मशीनवर आहे का ते बघा. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन असो वा एमडीएडीएम, सगळे /यूएसआर/एसबिन/सेंडमेल यालाच हाक मारतात. १९८० च्या दशकातल्या मूळ सेंडमेलचं हे नाव पोस्टफिक्स आणि एक्झिम या नंतरच्या मेल प्रोग्रामांनीही चालू ठेवलंय. ती फाइलच नसेल तर क्रॉनच्या लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ दिसेल (एमटीए म्हणजे हाच मेल पोचवणारा प्रोग्राम). म्हणजे मेल अडलेला नाही, फेकून दिलेला आहे. पोस्टफिक्स टाका. बाहेर काही पाठवायचं नसेल तर 'लोकल ओन्ली' (मशीनच्या आतल्या आतच मेल) हा पर्याय पुरे.

मग रूटला एक चाचणी मेल पाठवा आणि लगेच लॉग बघा. डेबियन १२ पासून लॉगच्या फाइली लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही, त्यामुळे /व्हार/लॉग/मेल.लॉग सापडली नाही तर घाबरू नका. जर्नलसीटीएल ही कमांड चालवा, तिथे सगळं असतं. शोधायचं ते 'स्टेटस='. 'सेंट' आणि पुढे कंसात 'डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स' असेल तर मेल पोचला, फक्त वाचणारा नाही. 'डिफर्ड' असेल तर तो रांगेत थांबलाय. 'बाउन्स्ड' असेल तर परत फिरला.

इथे बरेच जण फसतात. रांग दाखवणारी मेलक्यू ही कमांड चालवतात, रांग रिकामी दिसते आणि सगळं ठीक आहे असं धरून चालतात. समजा, मशीनचं नाव बदललं, कोणीतरी /ईटीसी/मेलनेम मध्ये नवं नाव घातलं, पण पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंग फाइलमधल्या 'मायडेस्टिनेशन' मध्ये (कोणत्या नावांचे मेल आपलेच धरायचे, त्या यादीत) जुनंच राहिलं. आता रूटच्या पत्त्याला नवं नाव चिकटतं, पोस्टफिक्सला ते परक्या मशीनचं वाटतं आणि तो ते डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) शोधायला निघतो. 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन' असं उत्तर आलं तर मेल रांगेत राहतो, मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस. नुसतं 'होस्ट नॉट फाउंड' आलं तर मेल लगेच बाउन्स होतो. पाठवणाराही रूटच, त्याचाही पत्ता तोच, त्यामुळे बाउन्सही पोचत नाही. मूळ मेल गेला, तक्रारही गेली, रांग रिकामी! म्हणून रांगेवर नव्हे, लॉगवर विश्वास ठेवा. उपाय सोपा: सेटिंग दाखवणारी पोस्टकॉन्फ -एन ही कमांड चालवून 'मायहोस्टनेम', 'मायओरिजिन' आणि 'मायडेस्टिनेशन' जुळवा, पोस्टफिक्स रीलोड करा.

पुढचा प्रश्न, वाचणार कोण? कोणाचा मेल कोणाला द्यायचा ते /ईटीसी/अलायसेस मध्ये ठरतं. तिथे 'रूट:' पुढे रोज लॉगिन करणाऱ्या माणसाचं युजरनेम लिहा आणि न्यूअलायसेस चालवा. ते चालवल्याशिवाय बदल लागू होत नाही. स्वल्पविराम देऊन बाहेरचा पत्ताही जोडता येतो, पण 'लोकल ओन्ली' मांडणीत बाहेरचे मेल मुद्दाम बंद केलेले असतात. बाहेर पाठवायचेच असतील तर रिलेहोस्ट (आपले मेल पुढे पोचवणारा बाहेरचा सर्व्हर) नेमा, पोर्ट ५८७ आणि लॉगिनसकट. बाहेरचा पत्ता जोडलात तरी स्थानिक प्रत ठेवाच, असं माझं ठाम मत आहे. इंटरनेट गेलेलं असतानाच मशीनला काही सांगायचं असू शकतं.

क्रॉनटॅबवरही, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीवरही, नजर टाका. 'मेलटू' पुढे रिकामी अवतरणचिन्हं असतील तर त्या फाइलमधल्या कामांचे मेल जाणारच नाहीत. ओळीच्या शेवटी '>/डेव्ह/नल २>&१' असेल तर चुकांचा मजकूरही गिळला जातो. मी त्यातलं '२>&१' काढून टाकतो. मग बॅकअप नीट झाला की शांतता, बिघडला की मेल.

सगळं जुळलं की खरीच घंटा वाजवून बघा: एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट. प्रत्येक अ‍ॅरेमागे एक 'टेस्टमेसेज' यायला हवा. तो ज्याच्या नावाने येणार आहे, त्याला शेजारी बसवून त्याच्याच लॉगिनमधून उघडायला लावा.